नंदनवनाची भिंत

परवा एका गृहस्थांनी मला स्वर्गासाठी नाव सुचवायला सांगितले.

गृहस्थ इमारती बांधण्याच्या धंद्यातले. नागपुरात नंदनवन ह्या वस्तीत आमचे जुने घर आहे. ते पाडून तेथे चार मजली इमारत उभी करावी असा त्यांचा बेत आहे, आणि त्या बेताला मी व माझ्या धाकट्या भावाने होकार दिला आहे. आखीव पत्रिकेची नक्कल निघाली आहे, नकाशे तयार आहेत; राहिल्या आहेत त्या फक्त सह्या. सर्व बोलणे संपवून उठता उठता ते म्हणाले, "सर, आपण इंग्रजीचे प्राध्यापक. स्कीमला एखादे झकास नाव सुचवा की. आमच्या मनात 'पॅराडाइज' आहे. पण त्याच्या मागे किंवा पुढे आणखी काही तरी हवे."

मला हसू आवरेना. नंदनवनात पॅराडाइज! इंद्राच्या बागेत आदमची बाग! परंतु त्या गृहस्थांना त्यातली गंमत उमगली नाही, आणि ह्यात त्यांचा दोष आहे असेही मला म्हणवत नाही. नागपुरात राहणाऱ्या कोणालाच 'नंदनवन' ह्या शब्दाचे काही वाटेनासे झाले आहे. ते नाव पोलीस ठाण्याच्या पाटीवर असते, दुकानांच्या पाट्यांवर असते, विजेच्या बिलावर असते. रात्री स्टेशनवर उतरून ऑटोवाल्याला "नंदनवनला येता का?" असे विचारावे, तर तो मान हलवून म्हणतो, "तिकडून परत येताना सवारी मिळत नाही." स्वर्गाबद्दल आजवर पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे, पण इतके नेमके विधान माझ्या वाचनात आलेले नाही.

खरे पाहता आम्हा वैदर्भीयांना स्वर्गाच्या नावांचे भारी वेड असावे. पश्चिमेस दीडशे किलोमीटरांवर अमरावती, म्हणजे प्रत्यक्ष इंद्राची राजधानी. दक्षिणेस वरोऱ्याला आनंदवन. काशीला पुराणांनी दिलेले हे नाव तेथे एका माळाला मिळाले. नागनदीच्या काठी मोक्षधाम आहे. तेथे जाणाऱ्याला मोक्ष मिळतो की नाही हे कोणी परत येऊन सांगितलेले नसले, तरी नाव तेच आहे. पुणेकरांनी आपल्या स्मशानाला वैकुंठ म्हटले आहे. स्वर्गाचे नाव मनुष्य बहुधा दोन ठिकाणी देतो, असे मला पुष्कळदा वाटते. एक, जेथे त्याला जमीन विकायची असते तेथे. आणि दुसरे, जेथे त्याला देह ठेवायचा असतो तेथे.

माझ्या वडिलांनी मात्र ती जमीन विकत घेतली होती.

१९७८ च्या सुमारास, मी सातआठ वर्षांचा असताना, आम्ही महालात एका वाड्यात दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. बाबा एका कचेरीत कारकून होते. घरमालक दर पाच वर्षांनी भाडे वाढवी आणि दर पावसाळ्यात छप्पर गळे. ह्या दोन गोष्टींत कधी खंड पडल्याचे मला आठवत नाही. अशा स्थितीत एके दिवशी बाबांनी नंदनवनात प्लॉट घेतल्याचे जाहीर केले. तेव्हा त्या बाजूला पक्की सडकही आमच्या दारापर्यंत पोचली नव्हती. सारी काळी जमीन. पावसाळ्यात पायांत चपला राहत नसत, त्या हातात घेऊन जावे लागे. वाड्यातल्या मंडळींना चेष्टेला विषयच मिळाला. "काय हो, ऐकतो ते खरे का? तुम्ही म्हणे स्वर्गवासी होणार!" असे ते बाबांना दिवसातून दोनदा विचारीत. बाबा हसत. आईला मात्र ती अभद्र थट्टा मुळीच खपत नसे, आणि एकदा तर त्या पायी तिने शेजारच्या काकूंशी चार दिवस अबोला धरला होता.

घर झाले. दोन खोल्या, एक ओटा, विहिरीसारखी खोल टाकी आणि भोवती काटेरी तारेचे कुंपण. आईने महालातल्या वाड्यातून एकच वस्तू मागून आणली होती. मागच्या अंगणात पारिजातक होता, त्याच्या बुडाशी आपोआप उगवलेले एक वीतभर रोप. ते तिने रस्त्याच्या बाजूला, कुंपणाच्या आतल्या अंगास लावले. पारिजातक हा मूळचा नंदनवनातलाच. समुद्रमंथनातून तो निघाला, इंद्राने तो आपल्या बागेत नेला, आणि सत्यभामेच्या हट्टासाठी श्रीकृष्णाने तो तेथून उपटून द्वारकेस आणला. तेव्हा आईने ते रोप लावले त्या दिवशी बाबा म्हणाले, "चला, एवढ्या युगांनंतर बिचारा आपल्या घरी आला." माझ्या आठवणीत त्यांनी केलेला एवढाच काव्यमय विनोद.

पुढे मी इंग्रजी वाङ्मय शिकलो व तेच शिकवू लागलो. गेली जवळजवळ तीस वर्षे मी मुलांना मिल्टनचे 'पॅराडाइज लॉस्ट' शिकवीत आहे. त्या निमित्ताने मी एकदा 'पॅराडाइज' ह्या शब्दाचे मूळ शोधावयास गेलो, आणि मला मोठी मौज वाटली. हा शब्द इंग्रजांचा नव्हे. त्यांच्याकडे तो ग्रीकांकडून आला, आणि ग्रीकांनी तो इराणातून उचलला. इराणच्या प्राचीन भाषेत 'पइरिदएज' असा शब्द होता. 'पइरि' म्हणजे सभोवती. आपल्या 'परिसर', 'परिघ' ह्या शब्दांतला 'परि' तोच. 'दएज' म्हणजे भिंत, मातीचे लिंपण करून रचलेली भिंत. इराणी राजे व सरदार आपल्या बागांना आणि शिकारीच्या रानांना अशा भिंती घालीत. झेनोफनसारख्या ग्रीक लेखकांनी त्या बागांचे वर्णन करताना तो शब्द आपल्या भाषेत नेला. पुढे बायबलचे ग्रीक भाषांतर करणाऱ्यांनी ईश्वराने लावलेल्या ईडनच्या बागेला तोच शब्द योजिला, आणि भिंतीचा स्वर्ग झाला. फारसीतला 'फिरदौस' हाही त्याच कुळातला. आणखी एक गंमत सांगतो. 'दएज'च्या मुळाशी जो धातू आहे तोच संस्कृतात 'दिह्', म्हणजे लिंपणे. आणि त्यापासून आपला 'देह' हा शब्द झाला. लिंपलेली माती ती भिंत, आणि लिंपलेली माती तोच देह.

एवढ्या व्युत्पत्तीच्या खटाटोपातून निघाले काय? तर, स्वर्ग म्हणजे भिंतीच्या आतली जागा. झाडे, झरे, अप्सरा, अमृत हे सारे मागाहूनचे. आधी भिंत! आमच्याकडच्या स्वर्गाला अशी भिंत दिसत नाही हे खरे; पण तेथे दुसरी व्यवस्था आहे. पुण्य गाठीस असेपर्यंत तेथे राहावयाचे आणि ते संपले की मर्त्यलोकी परत यावयाचे, असे गीतेच्या नवव्या अध्यायात सांगितले आहे. म्हणजे आमचा स्वर्ग हे भाड्याचे घर, आणि त्यांचा स्वर्ग हा कुंपण घातलेला प्लॉट. महालातल्या दोन खोल्यांत आयुष्याची उमेदीची वर्षे काढलेल्या माझ्या वडिलांना ह्या दोहोंतला कोणता अधिक आवडला असेल हे सांगावयास नकोच.

भिंतीने स्वर्ग सुरक्षित राहतो का, हा प्रश्न मात्र उरतोच. मिल्टनच्या काव्यात ईडनच्या बागेभोवती उंच तट आहे आणि पूर्वेस एक दरवाजाही आहे. सैतान त्या दरवाजाकडे ढुंकूनही पाहत नाही. तो सरळ एका उडीत तट ओलांडून आत उतरतो. आमची अमरावती घ्या. उदुंबरावतीची उंबरावती, तिची उमरावती आणि तिची अमरावती झाली असे सांगतात. एकेकाळी तिच्या कापसाच्या गासड्या मुंबईच्या आणि लिव्हरपूलच्या बाजारात 'ऊमरा' ह्या नावाने ओळखल्या जात. पिंढाऱ्यांच्या लुटीपासून तेथल्या सावकार-व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून निजामाच्या सरकारने १८०७ मध्ये त्या शहराभोवती दगडी परकोट बांधावयास घेतला. सव्वादोन मैलांचा घेर, वीस ते सव्वीस फूट उंची, पाच वेशी आणि चार खिडक्या. तो आजही जागोजाग उभा आहे. त्यातल्या एका खिडकीला 'खुनारी' म्हणतात. मोहरमच्या दिवसांतल्या एका मारामारीत तिच्याजवळ सातशे माणसे पडली, म्हणून ते नाव. पिंढारी बाहेर ठेवण्यासाठी घातलेल्या भिंतीच्या एका दाराला हे नाव मिळावे, ह्यावर अधिक काय बोलावे!

हे सारे मी वर्गात मोठ्या ऐटीत सांगत असे. मुलांना ते आवडेही. परंतु विद्वत्ता एका खणात आणि वागणूक दुसऱ्या खणात ठेवण्याची कला आम्हा प्राध्यापकांना चांगली साधलेली असते. मी नोकरीला लागलो त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. नव्या वर्गाची हजेरी घेताना एका मुलीच्या नावापुढे पत्ता दिसला: नंदनवन, नागपूर. आपल्याच वस्तीतली विद्यार्थिनी पाहून मला आनंद झाला, आणि मी सहज विचारले, "नंदनवनात कोणत्या लेआउटमध्ये?"

नागपूरकरांना हा प्रश्न किती परिचयाचा आहे! आमच्या शहरात मनुष्य गल्लीत किंवा आळीत राहत नाही, तो लेआउटमध्ये राहतो. आणि लेआउटचे नाव कळले की त्याच्या घरची सारी परिस्थिती कळल्यासारखी होते. ती मुलगी उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "झोपडपट्टीत, सर."

मागच्या बाकांवर कोणी तरी हसले. मी घाईघाईने पुढचे नाव पुकारले. नंदनवन हे जसे आमच्या लेआउटचे नाव आहे तसेच ते तेथल्या झोपडपट्टीचेही आहे, ही गोष्ट मला ठाऊक नव्हती असे नाही. आमच्या ओट्यावरून तिची पत्र्याची छपरे दिसत. पण 'नंदनवन' हे नाव उच्चारताना ती छपरे माझ्या मनात कधीच आली नव्हती. नावाला भिंत घालता येत नाही. म्हणून मी ती प्रश्नाने घालून पाहिली होती.

आणि खरीखुरी भिंतही मीच घातली.

तारेचे कुंपण केव्हाच जाऊन बाबांनी त्या जागी विटांची कंबरभर भिंत बांधली होती. पारिजातक आता चांगला वाढला होता. भाद्रपद लागला की त्याला बहर येई आणि पहाटे फुलांचा सडा पडे. अर्धा आमच्या अंगणात आणि अर्धा भिंतीपलीकडे रस्त्यावर. त्या रस्त्यावरच्या सड्यासाठी झोपडपट्टीतली एक बाई पहाटेच टोपली घेऊन येई. ती फुले द्रोणांत भरून एका देवळापुढे विकत असे. जमिनीवर पडलेले फूल देवाला चालत नाही. पण पारिजातकाला ती अट नाही. कधी कधी खालची फुले पुरेशी नसली म्हणजे ती भिंतीवरून हात घालून फांदी हलवी. एकदा फांदी मोडली. आईने तिला हटकले तेव्हा ती म्हणाली, "झाड तुमचं हाय माय, पन पडेल फुलं तं देवाचे." आईला ह्यावर काही बोलणे सुचले नाही. मला मात्र राग आला.

१९९८ मध्ये माझ्या हाती वेतनाच्या थकबाकीची बरीशी रक्कम आली. बाबा त्याआधीच निवर्तले होते. त्या रकमेतून मी पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर ती भिंत तीन फुटांनी उंच केली आणि वर सिमेंटमध्ये बाटल्यांच्या काचांचे तुकडे बसविले. गवंडी म्हणाला, "साहेब, ह्या बाहेरच्या फांद्या कामात येतात." मी त्या छाटायला सांगितल्या, आणि मग दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडी त्या छाटून घेण्याचा प्रघातच पाडला. आता फुले आतच पडू लागली. आई काही बोलली नाही. ती न बोलणे पसंत करी तेव्हा तिची संमती आहे असे आम्ही मुलांनी लहानपणापासून समजत आलो होतो. घरांतले कितीतरी गैरसमज अशाच सोयीने जन्माला येतात.

श्रीकृष्णाने पारिजातक सत्यभामेच्या अंगणात लावला, पण फुले रुक्मिणीच्या अंगणात पडली, ही कथा मी तेव्हाही जाणत होतो. भिंत कोणाचीही असो, फुले कोणाकडे पडावी हे झाड ठरविते, असे त्या कथेचे एक तात्पर्य काढता येईल. मी त्या झाडालाही ठरवू दिले नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये ह्या झाडाला जे लॅटिन नाव दिले त्याचा अर्थ 'खिन्न वृक्ष' असा आहे. सूर्य उगवताच सारी फुले गाळून उभे राहणारे झाड त्याला खिन्न वाटले असावे. आम्ही ज्याला स्वर्गातले म्हणतो त्याला त्याने दुःखी म्हटले. दोन्ही नावे एकाच झाडाला शोभतात, हे मला पुढे कळावयाचे होते.

२०१२ च्या आश्विनात आई गेली. दोन दिवसांचे दुखणे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी, अजून पुरते उजाडलेही नव्हते, फाटकाची कडी वाजली. मी रात्रभर जागाच होतो. उठून गेलो तो बाहेर ती बाई उभी. आता बरीच थकलेली. केस पांढरे झालेले. मला पाहून ती थोडी बिचकली आणि म्हणाली, "माय उठली नाई का जी?"

मी काय घडले ते सांगितले. ती मटकन फाटकाबाहेरच बसली. मग तिच्याच तोंडून मला कळले, की भिंत झाली त्या वर्षापासून, फुलांच्या दिवसांत, आई रोज पहाटे अंगणातली सारी फुले वेचून ठेवी आणि कडी वाजली की फाटकातून तिच्या टोपलीत ओती. चौदा वर्षे! आईचे गुडघे किती दुखत हे मला माहीत होते. तिला खाली बसता येत नसे म्हणून आम्ही तिच्यासाठी जेवणाचे टेबल आणले होते. आणि ती रोज पहाटे वाकून पारिजातकाची फुले वेचीत होती. मी उशिरापर्यंत जागून पेपर तपाशी आणि सकाळी सात वाजता उठे. अंगण स्वच्छ झाडलेले दिसे. ते तसे का दिसते हा प्रश्न मला चौदा वर्षांत एकदाही पडला नाही.

मी फाटक उघडले. त्या घरात ती तेव्हा प्रथमच आली. तिने फुले वेचली, ओट्यावर त्यांचे दोन सारखे ढीग केले, एक ढीग आपल्या टोपलीत भरला आणि दुसऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हे मायचे." एवढे बोलून ती गेली.

त्यानंतर मी फांद्या छाटणे बंद केले. फाटकाला रात्री कुलूप लावीत असे, तेही लावीनासा झालो. भिंत मात्र तशीच राहिली. चूक कळणे आणि ती दुरुस्त करणे ह्यांच्यामध्ये मनुष्याचा आळस किती वर्षे सुखाने नांदू शकतो, ह्याचे त्या भिंतीइतके चांगले उदाहरण मजपाशी दुसरे नाही.

मागच्या आषाढात मी विद्यार्थ्यांना घेऊन रामटेकला गेलो होतो. 'मेघदूता'तला रामगिरी म्हणजे हेच रामटेक असे आमच्या नागपूरच्या महामहोपाध्याय मिराशींनी प्रतिपादन केले आहे. त्याबद्दल पंडितांत मतभेद आहेत, पण आम्हा वैदर्भीयांच्या मनात शंका नाही. गडावर उभा राहून मी मुलांना सांगत होतो, की पाहा, कुबेराच्या अलकानगरीतून हद्दपार झालेला यक्ष एक वर्षासाठी येथे येऊन राहिला होता. म्हणजे आपला प्रदेश ही स्वर्गाबाहेरची जागा! मुले हसली. मग मी अलकेचे वर्णन सांगू लागलो. तेथे सर्व ऋतूंची फुले एकदम फुलतात, तेथे आनंदावाचून कोणाच्या डोळ्यांत अश्रू येत नाहीत, वगैरे. आणि सांगता सांगता यक्षाच्या स्वतःच्या घराच्या वर्णनाशी मी अडखळलो. मेघाला आपल्या घराची खूण सांगताना यक्ष म्हणतो, की दाराशी एक लहानसा मंदार वृक्ष दिसेल. माझ्या पत्नीने तो पोटच्या मुलासारखा वाढविला आहे, आणि त्याचे फुलांचे घोस हाताने सहज तोडता येतील इतके खाली वाकलेले आहेत.

हे मी अनेकदा वाचले होते. परंतु सोन्यारत्नांच्या त्या नगरीत यक्षाला आपले घर ओळखण्यासाठी शेवटी हाताशी येणारे एक झाड आठवावे, ह्यातले मर्म त्या दिवशी मला जाणवले. स्वर्गातल्या झाडाचे मोठेपण त्याच्या हाताशी येण्यात आहे, आणि मी आमच्या झाडाभोवती काचा लावल्या होत्या.

परत येताना गाडीत मुलांच्या बोलण्यात आनंदवनाचा विषय निघाला. पुढची सहल तेथे न्यावी असा त्यांचा आग्रह होता. कुष्ठरोग्याला गावाच्या वेशीबाहेर घालविण्याची रीत आपल्याकडे किती जुनी! अशा बाहेर घातलेल्या सहा माणसांना घेऊन बाबा आमटे १९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या खडकाळ, झुडपी जमिनीवर गेले. खिशात चौदा रुपये, सोबतीला एक लंगडी गाय आणि एक कुत्रा. आरंभी त्यांनी विहीर खोदली. बोटे झडलेल्या हातांनी. पुढे जेव्हा तेथे शेते पिकली, कारखाने निघाले, शाळा-महाविद्यालये उभी राहिली, तेव्हा आजूबाजूची धडधाकट माणसे तेथे शिकावयास येऊ लागली. ज्यांना भिंतीबाहेर काढले होते त्यांनीच बाग लावली, आणि भिंतीच्या आतले लोक त्या बागेत गेले. 'नंदन' म्हणजे आनंद देणारे. ह्या अर्थी विदर्भात नंदनवन कोठे आहे असे कोणी मला विचारले, तर मी त्याला माझ्या घराचा पत्ता सांगणार नाही.

पण घराचा प्रश्न माझ्यापुढे आहेच, आणि तो मला काव्याने सोडविता येण्यासारखा नाही. धाकट्या भावाची मुलगी परदेशी शिकावयास जाणार आहे. त्याला पैसा हवा आहे आणि त्याचा अर्धा हक्क आहे. घराला तडे गेले आहेत. काळ्या जमिनीवरची घरे अशीच तडकतात. सह्या मी करणार आहे. मिल्टनने आपले महाकाव्य १६६७ मध्ये प्रकाशकाला रोख पाच पौंडांना विकले आणि पहिली आवृत्ती खपल्यावर आणखी पाच पौंड घेतले. स्वर्गाच्या व्यवहारात कवीनेही करारपत्र केले, तेथे माझी काय कथा!

नकाशा पाहताना मी त्या गृहस्थांना पारिजातकाबद्दल विचारले. त्यांनी नकाशावर बोट ठेवले. तेथे मोटारी उभ्या करण्याची जागा होती. सभोवती सहा फुटी भिंत आणि फाटकाशी पहारेकऱ्याची खोली दाखविली होती. "झाड तर जाईलच, सर," ते खरोखरच्या सौजन्याने म्हणाले, "पण वर गच्चीवर आम्ही कुंड्या देणार आहोत." मी त्यांच्याकडून एवढेच कबूल करून घेतले, की ताबा दिवाळीनंतर घ्यावा. पारिजातकाचा यंदाचा बहर तेवढा पुरा होऊ द्यावा.

आणि गणपती बसण्यापूर्वी मी एका गवंड्याला बोलावून त्या भिंतीचे वरचे तीन फूट पाडून घेतले. बाबांनी बांधलेले घर द्यायचेच तर ते त्यांनी जेवढे बांधले तेवढेच द्यावे, असे मला वाटले. पत्नी ओट्यावर उभी राहून पाहत होती. ती म्हणाली, "विकायच्या घराला रंग देणारे लोक मी पुष्कळ पाहिले. भिंत पाडणारे तुम्हीच पहिले." गवंड्यानेही दोनदा विचारून खात्री करून घेतली. चारआठ महिन्यांत जे सारेच जमीनदोस्त होणार त्यातले तीन फूट मजुरी देऊन आधी का पाडावयाचे, हे त्याला कळले नाही. मीही ते त्याला समजावून सांगितले नाही. काचांचे तुकडे मात्र मी स्वतः वेचून एका डब्यात भरले.

दुसऱ्या दिवशी मी पहाटेच उठलो. आता ती बाई येत नाही. तिच्याने चालवत नाही. तिची नात येते. दहावीत आहे. ती रस्त्यावर बसून फुले वेचीत होती, आणि भिंतीवरून मला तिचे डोके दिसत होते. मला पाहून तिने विचारले, "काका, भिंत काऊन पाडली जी?"

मला उत्तर सुचेना. "वर काचा होत्या ना," मी काही तरी बोललो.

"हो," ती फुले वेचता वेचता म्हणाली, "आजीच्या हाताले लागल्या होत्या एकदा. खूप रक्त निंगालं होतं म्हने."

एवढे बोलून ती पुन्हा खाली वाकली. मी फाटकातून बाहेर गेलो आणि तिच्यासमोर रस्त्यावर बसून फुले वेचू लागलो. टोपली भरल्यावर तिने ओंजळभर फुले काढून भिंतीवर ठेवली आणि सांगितले, की आजीने ती रोज ठेवायला सांगितली आहेत.

त्या गृहस्थांना अजून मी नाव सुचविलेले नाही.